काकू, त्या अर्ध्या वाक्यासाठी

ती. काकूंस सादर नमस्कार,

हे पत्र उघड लिहितेय, म्हणजे तुम्हाला "असू दे गं" म्हणून विषय बदलता येणार नाही. शिवाय कॅनडात आश्रयाचा दावा फेटाळला गेलेलं आणखी कोणी वाचत असेल, तर त्यांनाही कळू दे की सुनावणीचं रेकॉर्डिंग मिळतं आणि ते कान देऊन ऐकायचं असतं.

आमचा दावा फेटाळला तो 'साक्ष विश्वासार्ह नाही' म्हणून. पोलिसांत उशिरा का गेलात, याचं कारण मला सांगता आलं नाही, असं निकालात होतं. आंतरजातीय लग्नानंतर भावांनी धमकी द्यायला इतके महिने वाट पाहिली, हे पटत नाही म्हणे. आणि मी सगळं कोरड्या आवाजात सांगितलं, हाही आक्षेप! रडू फुटू नये म्हणून रात्रभर घोकून गेले होते, ती तयारीच आडवी आली.

निर्वासित अपील विभागाकडे लेखी निकाल मिळाल्यापासून 15 दिवसांत अपिलाची नोटीस आणि 45 दिवसांत सगळी कागदपत्रं द्यायची होती. नवा पुरावा तिथे सहसा घेत नाहीत; निकालानंतर घडलेला, आधी हाती येण्यासारखाच नसलेला, किंवा त्या परिस्थितीत आधी देण्याची अपेक्षाच करता येणार नाही असा, एवढाच चालतो. म्हणजे काय काढायचं ते आधीच्या बोलण्यातूनच काढायचं. रेकॉर्डिंगचा आधार घ्यायचा तर ते कागदावर उतरवायला हवं, आणि उतरवणाऱ्यानं 'हे अचूक आहे' असं नाव घालून सहीनिशी लिहून द्यायला हवं. पैसे देऊन हे काम करून घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "टायपिंग येतं मला. आण इकडे."

माझं अडखळणं ऐकून मलाच लाज वाटत होती. म्हटलं, काकू, ते 'अं… अं…' तेवढं काढून टाका ना. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सही माझी आहे. ऐकू येतंय तेच लिहीन."

आणि म्हणूनच ते वाक्य सापडलं. "चौकीत भावाचा मित्रच ड्यूटीला असायचा, म्हणून आधी…" एवढं मी बोलले होते. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला, पासपोर्टचा. मी मुकाट्यानं पासपोर्टबद्दल सांगायला लागले. मला तर हे आठवतही नव्हतं. निकाल वाचून वाटायला लागलं होतं की आपण खरंच गप्प बसलो असू. तुम्ही तीन टिंबं दिलीत, शेजारी वेळ टाकलीत आणि ती फीत मला परत परत ऐकवलीत.

पुढचं वकीलबाईंनी केलं. शपथेवर सांगितलेलं, शंकेला सबळ कारण नसेल तर खरं धरायचं, हे कॅनडातल्या न्यायालयाच्या माल्डोनाडो या जुन्या निकालापासून चालत आलंय. 'असं घडूच शकत नाही' हा शेरा अगदी उघड बाबतीतच मारावा, हे तिथल्याच 2001 च्या वाल्टचेव्ह निकालात आहे. धमकी देण्याआधी भाऊ किती दिवस थांबतो, याचं काय कोष्टक असतं का? पण या दाखल्यांना टेकायला जागा हवी होती, ती तुमच्या कागदावर मिळाली. अपील विभागानं तो उतारा वाचला आणि 'कारण सांगता आलं नाही' हा निष्कर्ष चुकीचा ठरवला. कोरड्या आवाजाचा मुद्दाही खोडून काढला.

दावा मात्र अजून मंजूर नाही, हे वाचणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं. भारतात दुसऱ्या शहरात सुरक्षित राहता आलं असतं का, हे पहिल्या वेळी तपासलंच नव्हतं. त्यासाठी आमची साक्ष नव्यानं ऐकावी लागेल, म्हणून प्रकरण आधी दावा ऐकलेल्या विभागातल्या दुसऱ्या सदस्याकडे परत गेलंय. तेव्हा पेढे आत्ताच मागू नका.

सुनावणी व्हिडिओवर होईल, असं दिसतंय. तारीख कळली की सांगतेच. त्या दिवशी धाकटीला तुमच्याकडे सोडलं तर चालेल ना?

तुमची,
वरच्या मजल्यावरची