कटिंगवाल्याशेजारचा दुसरा माणूस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आगीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘वेल्डिंगची ठिणगी उडून आग लागली.’ तिथेच बातमी संपते. लोखंड कापण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आधी कार्बन रॉडचं गाउजिंग आणि नंतर प्लाझ्मा, म्हणजे विजेने तापवलेल्या वायूच्या झोताने कापणं. ठिणगी उडणारच. आर्कने, म्हणजे विजेच्या ज्वाळेने, धातू वितळवायचा आणि हवेच्या झोताने तो उडवून लावायचा, हेच तर ते काम. विचारायला हवं ते हे, की त्या वेळी शेजारी दुसरा माणूस होता का आणि त्याने काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं होतं का.

गाउजिंगमध्ये तांब्याचा मुलामा दिलेला कार्बनचा रॉड होल्डरमध्ये धरतात. होल्डरच्या भोकांतून साधारण साडेपाच ते सात बार दाबाची हवा सुटते आणि वितळलेलं लोखंड समोर फेकते. वेल्डिंगची ठिणगी बहुतेक वेळा पायाशीच विझते. ही मात्र धार असते. तिचे थेंब जमिनीवर आपटून फुटतात, गडगडत लांब जातात, पाइपच्या भोकातून, लाद्यांच्या फटीतून खाली उतरतात. जळण्याजोगं सगळं ३५ फूट, म्हणजे सुमारे ११ मीटर लांब हवं, असा नियम आहे तो उगाच नाही.

एकदा आम्ही लोखंडी माळ्यावर जुना सपोर्ट कापत होतो. आजूबाजूची जागा झाडून घेतली होती, आग विझवायचा सिलिंडर हाताशी होता. पण पाइप जाण्यासाठी पत्र्याला पाडलेलं ताटलीएवढं भोक कोणी झाकलं नाही, मीही नाही. खाली रिकाम्या गोण्यांची थप्पी होती. काम संपवून आम्ही जेवायला गेलो. पाऊण तासाने वास आला. गोण्या वरून जशाच्या तशा दिसत होत्या, पण आतून काळं पडत गेलेलं, आणि वरची गोणी उचलताच भडका उडाला. कोणाला इजा झाली नाही. पण अर्धा तास थांबून निघून गेलो असतो, तरी ती आग आमच्या पाठीमागेच लागली असती. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा नियमावलीत काम थांबल्यावर निदान अर्धा तास राखण करायला सांगितलं होतं. २०१९च्या आवृत्तीत तो एक तास झाला. ते वाचलं तेव्हा मला त्या गोण्याच आठवल्या.

ही राखण हेल्परने करायची असते. पण हेल्पर म्हणून घेतात कोणाला? ज्याला अजून काहीच येत नाही त्याला. त्याला ना काच मिळते, ना कानाला काही. कापणारा काळ्या काचेआड असतो, आणि हा प्लेटचं दुसरं टोक धरून नुसती मान वळवतो. मान वळवून भागत नाही. उजेड भिंतीवरून, चकचकीत पत्र्यावरून परत येतो. मी एकोणीस वर्षांचा असताना असाच उभा राहिलो होतो. दिवसभर काही वाटलं नाही. मध्यरात्री जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखी. पापणी हलली तरी जीव जायचा. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजतो आणि त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून दुपारच्या कामाचा संबंध रात्री कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. डोळ्यांवर ठेवलेल्या बटाट्याच्या कापांनी गारवा मिळतो, पण भाजलेलं भरून येत नाही. डोळे डॉक्टरांना दाखवावेत. आणि डोळा बधिर करणारे थेंब कोणाकडून मागून आणून घालू नयेत, त्यांनी जखम भरायला उशीर होतो.

कापणाऱ्याला जी काच लागते ती मदतनिसालाही लागते, तो तितकाच जवळ असेल तर. नंबर जितका मोठा तितकी काच गडद. ३०० अँपिअरच्या आतल्या प्लाझ्माला निदान ८ नंबरची काच हवी, शक्यतो ९ची. गाउजिंगला १०च्या पुढे, करंट वाढेल तशी १४पर्यंत. नाहीतर त्याला पडद्याआड उभं करा.

विजेचं मला जास्त भय वाटतं. साध्या रॉडच्या वेल्डिंग मशीनला काम चालू नसताना पन्नास ते नव्वद व्होल्ट असतात. प्लाझ्माला दोनशेच्या वर, कधी चारशेच्या घरात. वेल्डिंगवर हात बसलेला माणूस तीच सवय घेऊन प्लाझ्माकडे येतो: घामाने भिजलेले हातमोजे, ओल्या जमिनीवर गुडघा, आणि मशीन चालू ठेवूनच ‘जरा टिप बदल रे.’ हेल्पर ती टिप, म्हणजे टॉर्चच्या टोकाचं नोझल, फिरवत असताना कोणाचा हात ट्रिगरवर गेला तर? जो टिप बदलेल त्यानेच मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करावा, दुसऱ्याच्या ‘बंद आहे’वर विसंबू नये. अर्थ क्लॅम्पही, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणाऱ्या वायरीचा चिमटा, हेल्परच लावतो. तो गंज खरवडून, कापायच्या जागेजवळ लावायचा हे त्याला शिकवा. लांब कुठेतरी अडकवला तर करंट परतीची वाट चेनमधून, वायर रोपमधून, बेअरिंगमधून शोधतो.

धुराचंही तेच. कापणारा डोकं बाजूला घेतो, पलीकडचा मात्र झोतासमोरच असतो. जस्ताचा पत्रा कापला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि घरचे साथीचा ताप समजतात. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमचा घातक प्रकार असतो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणारा ठरवला आहे.

आणि गाउजिंगचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. त्यात हेल्पर कितीही ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून त्याची जागा मेन स्विचजवळ हवी. खांद्यावर दोनदा थाप म्हणजे थांब, एवढं आम्ही काम सुरू करण्याआधीच ठरवून घेत असू.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती करावी. अशी आग पुन्हा लागेल तेव्हा त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: काम किती वाजता थांबलं, आग किती वाजता दिसली, आणि मधल्या वेळात तिथे कोण बसलं होतं.

आपला,
एक जुना गाउजिंग कामगार