घुंगरू बांधण्याआधी पोटऱ्या तयार करा

संपादक महोदय,

नवरात्र जवळ आलं की जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये गरब्याचे सराव वर्ग सुरू होतात आणि नडगी, घोटा, गुडघा धरून बसलेल्या मुलीही दिसू लागतात. दोष 'चुकीच्या पावला'ला दिला जातो. बहुतेक वेळा पाऊल बरोबरच असतं. आठवड्याला दोन तास नाचणारे पाय एकदम रोज तीन तास डांबरावर अनवाणी नाचवले, तर ते कुरकुरणारच. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा वाढत्या भाराला तयार होतात, पण त्याला आठवडे लागतात.

कथकच्या तत्कारात, म्हणजे पायाने बोल वाजवताना, पूर्ण तळवा आपटतो, घोट्यावर घुंगरांचं वजन असतं आणि खाली काँक्रीटवर बसवलेली फरशी. हा धक्का पोटरीने झेलायचा. ती दमली की तो नडगीच्या हाडावर जातो. भरतनाट्यमच्या अर्धमंडलीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या स्थितीत, कमरेचे स्नायू कच्चे असले की गुडघे आत पडतात आणि वाटीभोवती दुखू लागतं. 'नाचून ताकद येतेच की' हे अर्धसत्य आहे. नाचाने दम वाढतो. पण भार तोच राहिला की काही महिन्यांनी ताकद वाढणं थांबतं.

म्हणून आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी अर्धा तास, वजनाचे व्यायाम हवेत. उठाबशा, एका पायरीवर चढ-उतार, कमरेतून वाकून वजन उचलणं, कुशीवरचा प्लँक आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे टाचा उचलणं: एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत. प्रत्येकी 8 ते 12 वेळा, तीन फेऱ्या. शेवटी अजून दोनच वेळा जमेल इतपत जड. जिम नसेल तर दप्तरात पाच किलो ज्वारी भरा. भिंतीला बोट टेकवून एका पायावर 20-25 वेळा टाच उचलता आली की पोटरी तत्काराला तयार समजा. अंग बोजड होईल ही भीती सोडा. तेवढ्या व्यायामाने पैलवान होत नाहीत, तालमीतल्या पोरांना विचारा.

पाय मुरगळला तर पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका, सूज वाढते. फडक्यात बर्फ गुंडाळून 15 मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर. घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबून दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढाच. नडगीवर बोटाएवढ्याच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुधा दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल' म्हणून नाच चालू ठेवणं इथेच अंगाशी येतं. मुलीची पाळी तीन महिने चुकली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कमी खाऊन भरपूर नाचणाऱ्या मुलींची हाडं ठिसूळ होतात. कळण्याची भाकरी, उसळ, दूध, अंडी हा काही चैनीचा आहार नव्हे.

सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नाही. पूर्ण विश्रांतीही फार लांबवू नये, स्नायू झडतात. दुखण्याला स्वतःच शून्य ते दहा गुण द्या; ते तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल, तर तेवढा व्यायाम चालतो. नाचाकडे परतायची तारीख कार्यक्रमपत्रिकेने ठरवू नये. दुखऱ्या पायावर टाचा उचलणं आणि लंगडी चांगल्या पायाच्या जवळपास आली, की आधी घुंगरांशिवाय, विलंबित लयीत, निम्मा वेळ. मग वेळ वाढवा, मग लय. घुंगरू सगळ्यांत शेवटी.

एक फिजिओथेरपिस्ट, जळगाव