गळती फरशीखाली नव्हती, काका

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणता आणि विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरमधल्या पाण्याचा दाब का उतरतो, या प्रश्नाने हैराण झालेलं घर काही आमचं एकट्याचं नसणार. तुम्ही आमच्याकडे जे केलंत ते जरा सविस्तर लिहिते, म्हणजे अशा इतर घरांनाही त्याचा उपयोग होईल.

आमची तक्रार साधीच होती. बॉयलर थंड असताना दाब दाखवणारा काटा १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) दरम्यान हवा. आमचा सकाळी अर्ध्या बारच्याही खाली गेलेला असे आणि बॉयलर पेटतच नसे. पाणी भरायचं, घर गरम व्हायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तुमच्या आधी आलेल्या तंत्रज्ञाने खोल्यांमधले, गरम पाणी खेळवून ऊब देणारे रेडिएटर चाचपले, कुठे ओल दिसली नाही, तेव्हा निकाल देऊन टाकला: पाइप फरशीखाली गळतोय, फरशी उकरावी लागेल. तोवर गळती बुजवणारं रसायन पाण्यात टाकू, असंही सुचवलं. हे ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, “फरशी कुठे पळून जात नाही. आधी काटा बघू.”

आलात त्या दिवशी तुम्ही अवजारांची पेटी उघडलीच नाहीत. थंड बॉयलरमध्ये दाब १.३ करून ठेवलात, हीटिंग चालू करायला सांगितलंत आणि खुर्ची ओढून समोर बसलात. काटा चढू लागला. दोनच्या आसपास थांबायला हवा होता, तो अडीच ओलांडून ३ च्या लाल पट्ट्याला टेकला. मी विचारत होते पाणी जातंय कुठे, आणि तुम्ही मला विचारलंत, “ते नंतर. काटा एवढा का चढतो, ते आधी सांग.”

मला सांगता आलं नाही. मग तुम्ही समजावलंत. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरचं शंभर लिटर पाणी ८० अंशांपर्यंत नेलं तर जवळजवळ पावणेतीन लिटरने वाढतं. बंद नळ्यांमध्ये हे जास्तीचं पाणी मावणार कुठे? पाणी दबत नाही, हवा दबते. म्हणून बॉयलरच्या पोटात एक चपटी टाकी असते, एक्सपान्शन टाकी. तिच्या मधोमध रबरी पडदा, एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा सरकतो, हवा आकसते आणि काटा थोडासाच वर जातो. ही हवा निघून गेली की तिची जागा पाणीच घेतं आणि फुगलेल्या पाण्याला सरकायला वाव राहत नाही. दाब थेट ३ बारला भिडतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं पाणी घराबाहेर काढलेल्या नळीतून टाकून देतो. रात्री सगळं गार होतं, पाणी आकसतं, पण टाकलेलं पाणी काही परत येत नाही. सकाळी काटा तळाला.

खरं सांगायचं तर मला हे तेव्हाच पटलं होतं. तुम्हाला मात्र पटणं पुरेसं नव्हतं. बाहेरच्या त्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला तुम्ही प्लास्टिकची पिशवी बांधलीत, तीही मुद्दाम सैल, कारण ती नळी कधीही बंद होता कामा नये. दुसऱ्या दिवशी पिशवीत चांगलं लोटाभर पाणी होतं. आमचं ‘फरशीखालचं’ पाणी!

तरी तुमची चौकशी संपेना. त्या रात्री बॉयलर पूर्ण गार होऊ दिलात (तापलेला असताना केलं तर नुसत्या गार होण्यानेच काटा उतरतो आणि उगाच फसगत होते), मग बॉयलरखालचे दोन व्हॉल्व्ह बंद करायला लावलेत, एक रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचा, दुसरा परत येणाऱ्या. सकाळी काटा होता तिथेच. म्हणजे बॉयलरच्या आत गळती नाही. मग दोन्ही व्हॉल्व्ह उघडले, तरी काटा हलला नाही. घरातल्या पाइपांमधून रात्रभरात पाणी गेलं असतं तर उघडल्याबरोबर तो खाली आला असता. आणि काटा रात्रीत वरही चढला नव्हता, म्हणून पाणी भरायचा नळ आतून झिरपत नाही आणि कॉम्बी (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या) बॉयलरमधला प्लेट एक्सचेंजर, म्हणजे हीटिंगच्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणारा भाग, तोही शाबूत आहे, हेसुद्धा त्याच परीक्षेत उलगडलं. तो फुटला तर नळाच्या पाण्याचा जोर हीटिंगमध्ये घुसतो आणि थंड असतानाही काटा वर सरकतो, हे तुमच्याकडूनच कळलं. एका रात्रीत, एक स्क्रूही न काढता, इतके संशयित सुटले. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामातला सर्वांत देखणा भाग हाच.

टाकीचं काम त्यामानाने पटकन झालं. गॅस बॉयलरचं आतलं झाकण परवाना असलेल्यानेच उघडायचं, हे तुम्ही आम्हाला दोनदा बजावलंत, तेव्हा वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. टाकीला गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. तुम्ही त्याची पिन दाबलीत. हवा आली नाही, पाणीही आलं नाही. तुमचा चेहरा खुलला, कारण पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला आणि टाकी बदलणं आलं. मग बॉयलरच्या बाजूचं पाणी सोडून दिलंत आणि सोडायचा नळ उघडाच ठेवून पंपाने हवा भरलीत. तो बंद असता तर पंपावरच्या मापकात पडद्यापलीकडच्या पाण्याचाच दाब दिसला असता, हवेचा खरा आकडा कळलाच नसता. हवा भरत गेली तसं टाकीत साचलेलं पाणी नळातून भळाभळा बाहेर येत राहिलं. टाकीवर लिहिलेल्या आकड्याला तुम्ही थांबलात.

सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायला हवा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या कपाळावर आठी पडली होती, कबूल. पण पुन्हा पुन्हा उघडलेल्या व्हॉल्व्हची झडप जिथे टेकते तिथे कचरा अडकतो आणि तो पुढे थेंब थेंब गळत राहतो, हे ऐकल्यावर बोलणंच खुंटलं.

त्या रसायनाबद्दलही तुमचे आभार. ते टाकलं असतं तर टाकीतली हवा काही परत आली नसती. उलट आपोआप हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं बारीक तोंड बुजण्याची भीती. आणि ‘रोज थोडं पाणी भरलं की भागतं’ म्हणणाऱ्यांनाही तुम्ही दिलेलं उत्तर मी आता ऐकवत असते: ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ साचतो आणि गंज रोखायचं द्रव्य पातळ होत जातं. म्हणून तर जाता जाता तुम्ही ते द्रव्य पुन्हा घातलंत. फरशी मात्र जशीच्या तशी आहे.

आता काटा थंड असताना १.३, तापल्यावर पावणेदोनच्या आसपास. दोन्ही आकडे आम्ही बॉयलरशेजारच्या कागदावर टिपून ठेवतो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

आणि आता एक काम. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे उलटंच चाललंय. बॉयलर थंड असतानाही काटा हळूहळू वर चढतो. पाणी भरायची लवचिक नळी त्यांनी सोडवून पाहिली, नळ बंद असताना त्यातून थेंबही येत नाही. मग प्लेट एक्सचेंजरच ना? मी त्यांना तसं सांगितलंय, पण तुम्ही बघितल्याशिवाय काही खोलू नका, असंही सांगितलंय. या शनिवारी जमेल का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची