इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा हिशेब

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्वतःच्या विमानावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना फक्त यंत्रं पाहून उडण्याची परवानगी, मिळवायला किती खर्च येईल याचं तू पाठवलेलं अंदाजपत्रक दोनदा वाचलं. बेरीज बरोबर आहे, पण तू ताशी खर्चाचा गुणाकार 40 ने केलास, तिथेच घोडं अडलं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 1 मध्ये 40 तास इन्स्ट्रुमेंटवरचे आणि पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून 50 तासांचं क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारं, उड्डाण लिहिलंय, ते किमान. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याचा मध्ये खंड पडतोच, आणि खंडानंतरचा पहिला तास मागचं आठवण्यात जातो. 55 तास धर.

हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी हेही तू भागून ताशी खर्चात घातलंस. ते पैसे तू शिकलीस तरी जाणार, नाही शिकलीस तरी जाणार. या रकान्यात फक्त जास्तीचं लिही: इंधन, तेल, प्रशिक्षक, परीक्षा आणि इंजिनाची झीज. ताशी 35 लिटर धरलं तर 55 तासांचे 1,925 लिटर झाले. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करणं, 2,000 तासांवर, म्हणजे एवढ्या शिकण्यात त्याच्या खर्चाचा साधारण 36 वा हिस्सा संपला. तो हिस्सा प्रत्येक उड्डाणानंतर थोडाथोडा वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्या खात्याला हात लावायचा नाही. परीक्षेच्या फीसाठीसुद्धा नाही.

प्रशिक्षकाची फी टॅकच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास मोजणाऱ्या मीटरच्या, आकड्यावरून काढू नकोस. टॅक क्रूझच्या, म्हणजे सरळ प्रवासातल्या, आरपीएमवर बेतलेला असतो. जमिनीवर टॅक्सी करताना किंवा होल्डिंगमध्ये (उतरायची पाळी येईपर्यंत ठरलेल्या घिरट्या घालताना) पॉवर कमी केली की तो घड्याळाच्या मागे राहतो. प्रशिक्षक पैसे घेतो ते घड्याळाने, शिवाय ब्रीफिंग-डीब्रीफिंगचे वेगळे. त्यात कुरकुर करू नकोस. अ‍ॅप्रोच (यंत्रांवरून धावपट्टीकडे उतरत येणं) नेमका कुठे बिघडला ते खाली उतरून टेबलाशी बसल्यावरच कळतं.

परिशिष्टाप्रमाणे त्या 40 पैकी 20 तासांपर्यंत, आणि फ्लाइट सिम्युलेटर वापरला तर 30 तासांपर्यंत, जमिनीवर सराव-यंत्रात केलेले चालतात. तुमच्याकडचा नियम याहून कडक असू शकतो, तो आधी बघ. होल्डिंगमध्ये शिरायचं कसं, हे सिम्युलेटरवरच घोटून घे. तिथे गोंधळलीस तर पॉज दाबता येतो. वर गोंधळलीस तर इंधन जळतच राहतं.

पॅनेलवर यंत्रांची माहिती दाखवणारा नवा पडदा बसवायचं मात्र मला पटत नाही. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला लावलं. विसांचाही ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. मूलभूत यंत्रं त्यांच्या समोरच होती. पडद्याचे पैसे तासांमध्ये घाल. आल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) आणि पिटो-स्टॅटिकची (हवेच्या दाबावरून वेग-उंची कळवणाऱ्या नळ्यांची) तपासणी मुदतीत आहे ना, तेवढं पाहा.

अपसेट रिकव्हरी (विमान भलतंच कललं तर सावरण्याचं शिक्षण) आणि दोन इंजिनांचं रेटिंग पुढे ढकल. दोन्हीला भाड्याचं विमान लागणार, तिथे तुझी मालकी काही वाचवत नाही.

माझा खरा आग्रह एकच आहे. पूर्ण रक्कम बाजूला पडल्याशिवाय पहिला धडा घेऊ नकोस. आठवड्यातून दोन-तीनदा उडता आलं तर 55 पुरतील. ‘जमेल तसं शिकेन’ म्हणालीस तर 80 सुद्धा कमी पडतील. तोवर थिअरीची परीक्षा देऊन टाक. तिला इंधन लागत नाही, फक्त निकाल किती दिवस ग्राह्य धरतात ते पाहून तारीख घे.

विमा कंपनीला मात्र आजच लिही. प्रशिक्षक उजव्या सीटवर असताना पॉलिसी चालते का, त्याला कमीत कमी किती तासांचा अनुभव हवा, त्याचं नाव पॉलिसीत घालावं लागेल का. फोनवरच्या ‘हो हो’ वर विसंबू नकोस, लेखी घे. प्रीमियम वाढणार असेल तर आकडा कळव, त्याची ओळ मी कोरी ठेवली आहे. आई म्हणते, या हिशेबात तुझ्या झोपेचे तास कुठेच दिसत नाहीत. त्याचंही उत्तर दे.

तुझे,
बाबा