रविवारी आंबा घाट : बाहेरून अलॉय (मिश्रधातूची) चाके बसवलेल्यांनी आधी नट तपासा

सभासदहो, रविवारी सकाळी 6 वाजता मारुती मंदिर, रत्नागिरी येथून कोल्हापूरला निघायचे आहे. कंपनीची सोडून दुसरी चाके बसवलेल्या प्रत्येकाने शनिवारी संध्याकाळपर्यंत नट तपासून ग्रुपवर कळवावे. न तपासलेली गाडी घाटात न्यायची नाही.

नवीन अलॉय पहिल्या 80–100 किलोमीटरमध्ये हबवर (चाक ज्या भागावर बसते त्यावर) नीट बसते आणि तेवढ्यात नट थोडे सैल होतात. म्हणून ते पुन्हा आवळावेच लागतात. गाडी थंड असताना, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. किती जोराने आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. छोट्या गाड्यांना तो साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटर असतो. टायरवाल्याच्या हवेच्या गनवर विसंबू नका, तिने नट जास्त आवळले जातात आणि आटे जातात.

नटाचे तोंड चाकाच्या भोकाशी जुळते ना, निमुळते की गोल, हेही बघा. जुने नट सगळ्याच अलॉयना चालत नाहीत.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेने हबवर गंज धरतो. तो तारेच्या ब्रशने काढा, पण आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका.

टॉर्क रेंच नसेल तर शनिवारी दुपारपर्यंत सांगा, ग्रुपमधला मिळेल.