उतारा मागितला, पण कोणता?

महोदय,

लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे, त्यांच्या वतीने अर्ज भरणारे एआय एजंट आणण्याची चर्चा सध्या कार्यालयांत, बँकांत, पतसंस्थांत चालू आहे. त्यामागचे एआय मॉडेल कोणते घ्यायचे यावर तासन्‌तास बोलणे होते. एजंटच्या हाती द्यायच्या टूल्सची, म्हणजे नोंद शोधणे, अर्ज भरणे अशी एकेक कामे करून देणाऱ्या छोट्या प्रोग्राम्सची, वर्णने कोण लिहिणार, हे मात्र कोणी विचारत नाही. फसगत बरेचदा तिथेच होते.

टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसते टूलचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. एवढ्यावरच ते ठरवते की हे टूल वापरायचे की दुसरे, आणि रकान्यात काय लिहायचे.

जमिनीच्या कागदांचेच घ्या. माणूस सरळ 'उतारा काढून दे' म्हणतो. त्याला सातबारा हवा असेल, नाहीतर आठ-अ. सातबारा गटाचा असतो, आठ-अ खातेदाराचा. सिटी सर्व्हे झालेल्या जागेला मिळकत पत्रिका लागते. आता एका टूलचे वर्णन 'जमिनीचा उतारा देते' आणि दुसऱ्याचे 'शेतजमिनीची नोंद देते' असे असेल, तर मॉडेलने निवडायचे कशावरून? वर्णन असे हवे: 'एका गटाचा सातबारा देते. एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन हवी असेल तर आठ-अचे टूल वापरा. नुसता "उतारा" मागितला असेल तर कोणता ते आधी विचारा.' टूल काय करत नाही हे लिहायचे राहिले की सारखी दिसणारी टूल्स हमखास एकमेकांत मिसळतात.

खरी मेहनत रकान्यांत आहे. गट क्रमांक '१४५/२/अ' असा असू शकतो, म्हणून तो रकाना आकड्याचा नव्हे, मजकुराचा ठेवावा. आकड्याचा ठेवला तर मॉडेल नुसते १४५ भरेल आणि पोटहिस्सा गळेल. वडगाव, पिंपळगाव नावाची गावे किती तालुक्यांत आहेत! तेव्हा गावाचे नाव न मागता गावाचा सहा अंकी कोड मागावा, तो शोधायला वेगळे टूल द्यावे आणि 'कोड त्या टूलमधूनच घ्या, अंदाजाने भरू नका' असे स्पष्ट लिहावे. सक्तीचा रकाना रिकामा दिसला की मॉडेल खरा वाटेल असा कोड स्वतःच रचते, ही त्याची जुनी खोड आहे. जिल्ह्यांची यादी ठरवून द्यावी. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. टूलला कोणते नाव चालते आणि जुने आले तर काय करायचे, हे त्या यादीशेजारीच लिहावे.

'वर्ष' असा नुसता रकाना तर ठेवूच नये. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, महसुली वर्ष १ ऑगस्टला. तारीख ०३/०४/२०२५ अशी आली तर आपण ३ एप्रिल वाचतो, अमेरिकी पद्धतीने ती ४ मार्च होते. वर्ष-महिना-दिवस हा क्रम नमुन्यासकट द्यावा: २०२५-०४-०३. पैसे भरण्याच्या टूलमध्ये रक्कम रुपयांत की पैशांत हे रकान्याच्या नावातच यावे. ५०० रुपये पैशांत ५०,००० होतात, आणि इथली चूक शंभरपटीची असते.

परत काय येते हेही वर्णनातच सांगावे लागते. सर्व्हर बंद असताना टूलने रिकामी यादी परत केली, तर एजंट शेतकऱ्याला बिनदिक्कत सांगेल, 'तुमच्या नावावर जमीन नाही.' नोंद सापडली नाही आणि सेवा चालू नाही, हे दोन वेगळे निरोप हवेत. 'अवैध माहिती' या उत्तराने एजंट तेच पुन्हा पाठवत राहतो. 'या गावात हा गट नाही, गावाचा कोड तपासा' म्हटले तर चूक सुधारतो. फेरफाराचा अर्ज दाखल करण्यासारखे टूल नोंदीत बदल घडवते, असे वर्णनात जरूर लिहावे, पण त्यावर विसंबू नये. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. माणसाची संमती सर्व्हरनेच मागितली पाहिजे.

हे सगळे तलाठ्याचे काम जाणणाऱ्या माणसाशेजारी बसून लिहायचे असते, कारण प्रोग्रामरला आठ-अ आणि सातबारातला फरक ठाऊक असेलच असे नाही. मग लोक बोलतात त्या मराठीत वीस-तीस प्रश्न घ्यावेत, एजंटने कोणते टूल निवडले आणि रकान्यांत काय भरले ते तपासावे, वर्णन सुधारावे, पुन्हा चालवावे. पाच-सहा प्रश्न शेवटपर्यंत बाजूला ठेवावेत, म्हणजे वर्णन ठरावीक प्रश्नांपुरतेच जुळवले गेले का ते कळते.

सार्वजनिक पैशातून अशी कामे देताना टूल्सची वर्णने आणि हे मराठी चाचणी-प्रश्न निविदेतच स्वतंत्रपणे मागावेत, आणि रकाना किंवा यादी बदलली की वर्णनही त्याच दिवशी बदलण्याची अट घालावी, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक