किनाऱ्यावरच्या मुक्कामाला लेखी नियम हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की कोकणातल्या पुळणींवर तंबू दिसू लागतात. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर असे करत खाली वेंगुर्ल्यापर्यंत सुट्टीच्या रात्री सुरूच्या बनात आणि उघड्या वाळूवर मुक्काम करणारे वाढत चालले आहेत, आणि त्याबरोबर ‘हे सगळे बंदच करा’ ही मागणीही गावागावांतून ऐकू येऊ लागली आहे. मी समुद्राकाठच्या गावातच राहतो, तरी मला ही मागणी मान्य नाही. उघड्या आभाळाखाली समुद्राच्या गाजेत एक रात्र काढावी असे ज्याला वाटते त्याचे काहीच चुकत नाही, आणि किनारा सरकारी म्हणजे सर्वांचा असेल तर त्याला हाकलण्याचा अधिकार आम्हा गावकऱ्यांनाही नाही. मात्र कुठे झोपावे, कुठे झोपू नये, कोणत्या महिन्यांत मुळीच झोपू नये आणि त्यासाठी कोणाला विचारावे, हे आज त्याला कोणीही एका जागी सांगू शकत नाही. ते सांगणारी एकच लेखी नियमावली असावी आणि ती प्रत्येक किनाऱ्याच्या वाटेवर मराठीत लावलेली असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

कायदे नाहीत असे नव्हे, ते विखुरलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे. त्या रेषेच्या वरची वाळू मात्र कुठे महसूल खात्याची, कुठे वन खात्याच्या सुरूच्या लागवडीची, तर कुठे कोणाच्या वाडीच्या गडग्यापर्यंत खाजगी असते. 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेचा मुख्य रोख बांधकामांवर आहे. राज्याच्या ऑगस्ट 2021 मधील साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली, पण स्वतःचा तंबू घेऊन आलेले चार माणसांचे कुटुंब आयोजक ठरत नाही. त्याच वर्षीच्या कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, धोरणात वाहनतळांचा विचार झाला, तंबूचा प्रश्न तसाच राहिला. अशा स्थितीत एखाद्या प्रामाणिक पर्यटकाने परवानगी मागायची ठरवली तर त्याने तहसील कार्यालयात जावे, वनरक्षकाला गाठावे, बंदर खात्याकडे चौकशी करावी की पोलीस पाटलाला विचारावे, याचे उत्तर त्याला मिळत नाही, आणि मग तो कोणालाच न विचारता अंधार पडल्यावर तंबू ठोकतो.

यातली सर्वांत धोक्याची बाब भरतीची आहे, आणि तिच्याविषयी बाहेरून येणाऱ्यांना सर्वांत कमी माहिती असते. कोकण किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटीचा तळ असतो. पौर्णिमेचे चांदणे पाहण्यासाठी मुद्दाम त्या रात्री आलेल्या माणसाला सूर्यास्ताच्या वेळी किनारा सर्वांत रुंद दिसतो, पाणी लांब गेलेले असते, आणि टणक, सपाट वाळू पाहून तो तिथेच तंबू लावतो, गाडीही तिथेच उभी करतो. सहा तासांनी तीच जागा पाण्याखाली असते. शिवाय उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस वाढताच असतो, त्यामुळे पहिली रात्र कोरडी गेली म्हणून दुसरीही जाईल असे नाही. आमच्याकडचे मच्छीमार तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. हा हिशेब फलकावर दोन ओळींत लिहिता येतो. त्याच्या जोडीला, उधाणाची भरती जिथवर पोहोचते ती रेषा खांब रोवून दाखवावी आणि तिच्या खाली मुक्काम किंवा वाहन कोणत्याही ऋतूत चालणार नाही असे स्पष्ट लिहावे. किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या पर्यटन सुविधांनाही 2019 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून किमान 10 मीटर अंतर घातले आहे, तेव्हा झोपलेल्या माणसासाठी त्याहून कमी अंतर कसे चालेल?

मग प्रश्न उरतो तो भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूचा, आणि नेमकी तीच जागा कासवांची आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर चढते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून समुद्रात परतते. वर चढताना समोर उजेड किंवा हालचाल दिसली तर ती अंडी न घालताच मागे फिरते. सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने, म्हणजे एरवी समुद्राकडे, धावतात. मागे तंबूतला दिवा किंवा गाडीचे हेडलाइट असले तर ती उलट्या दिशेला जातात आणि सकाळी कावळ्यांच्या किंवा कुत्र्यांच्या तोंडी पडतात. हा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे काम उभे केले, आणि पुढे ते आंजर्ल्यासारख्या इतर किनाऱ्यांवरही पोहोचले. जिथे कासवमित्र पहाटे काळोखात पावलांच्या खुणा शोधत फिरतात त्या पुळणीवर कोणी रात्री शेकोटी पेटवून ध्वनिवर्धक लावावा, हे मला सहन होत नाही. घरटी आढळणाऱ्या किनाऱ्यांचे पट्टे वन खात्याला ठाऊक आहेत. त्या पट्ट्यांत नोव्हेंबरपासून शेवटची पिल्ले समुद्रात जाईपर्यंत, म्हणजे मेपर्यंत, वाळूवरचा मुक्काम पूर्ण बंद असावा, यात तडजोड नको. त्या काळात येणाऱ्यांनी गावातल्या घरी उतरावे. वेळासला कासव पाहायला येणारे तसेच उतरतात आणि त्यातून गावाला चार पैसे मिळतात.

आगीचेही तसेच आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या किनाऱ्यांवरची सुरूची झाडे आडवी केली. वारा आणि वाळू अडवणारी ती ओळ पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. सुरूच्या सुकलेल्या काड्यांचा थर फाल्गुन-चैत्रात एका ठिणगीने पेट घेतो, आणि नेमके त्याच थरावर, वाऱ्याच्या आडोशाला म्हणून, चूल मांडली जाते. राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हाच आहे, पण आपण उभे आहोत ते बन वन खात्याचे आहे हे सांगणारी पाटी असल्याशिवाय येणाऱ्याला ते कळणार कसे? उघडी शेकोटी बनात आणि केतकीच्या रांगेजवळ बंद ठेवावी, स्वयंपाकासाठी गॅसची लहान शेगडी चालू द्यावी.

किल्ल्यांबाबत वेगळे काही ठरवायची गरज नाही. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे केंद्र संरक्षित असून तिथे सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, आणि जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यावर तर हा नियम अधिक कसोशीने पाळला जावा.

मुक्कामाला परवाना असावा या कल्पनेने काही जण बिचकतील. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू लावण्याचा हक्क दिला आहे. तरीही लोच लोमंड सरोवराच्या काठी गर्दीने हानी होऊ लागल्यावर 2017 पासून तिथल्या ठरावीक पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. हक्क राहिला आणि सरोवराचा काठही वाचवता आला. आपल्याकडे हा परवाना ग्रामपंचायतीने द्यावा असे मला वाटते, कारण कुठल्या वाळूत पहाटे रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जाते, होड्या कुठे चढवतात, गोडे पाणी किती आहे आणि शौचालय कुठे आहे हे तिलाच माहीत असते. जिल्हाधिकाऱ्यांनी महसूल, वन, बंदर आणि पोलीस या चारही खात्यांची संमती एकदाच घेऊन जागा ठरवून द्यावी. पंचायतीने तिथे किती तंबू मावतात ते ठरवावे, एका गटाला दोन रात्रींपेक्षा जास्त देऊ नये, आणि अनामत रक्कम घेऊन कचरा परत नेलेला पाहिल्यावर ती परत करावी. शुल्क मात्र इतके कमी असावे की मोटारसायकलवरून आलेल्या महाविद्यालयीन मुलांना ते जड जाणार नाही. घरगुती निवास चालवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना स्वस्त मुक्काम नकोसा वाटेल हे मी जाणतो, पण पुळण ही त्यांच्या किंवा माझ्या धंद्यासाठी राखून ठेवण्याची जागा नाही.

रत्नागिरी, रायगड, पालघर आणि सिंधुदुर्ग या चारही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी याच पावसाळ्यात, किनारे रिकामे असताना, ग्रामपंचायती, मच्छीमार सोसायट्या आणि कासवमित्रांना एकत्र बोलावून जागा आणि बंद काळ निश्चित करावा, जेणेकरून नोव्हेंबरात पहिली मादी किनाऱ्यावर येण्यापूर्वी फलक आणि खांब जागेवर असतील. आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी